चाड्यावरचा हात

ताशी चार किलोमीटर ही ट्रॅक्टरची चाल म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाचीच चाल. या चालीने सोयाबीन पेरताना दर पाच सेंटिमीटरवर एक दाणा पडायचा असेल, तर एकेका नळीतून सेकंदाला २२ दाणे सुटावे लागतात. पेरणी यंत्र सात दात्यांचे असेल, तर सेकंदाला दीडशेहून अधिक. ते सगळे तीन-चार सेंटिमीटर खोल पडायला हवेत. वर राहिले तर पाखरे वेचतात आणि ऊन सुकवते. पाच सेंटिमीटरच्या खाली गेले आणि वरून एक जोराची सर येऊन माती दडपली, की कोंब मातीखालीच मान मोडून बसतो. ट्रॅक्टरवाला मात्र या दीडशे दाण्यांतला एकही पाहत नसतो. तो पुढच्या धुऱ्याकडे बघत असतो.

मंगरूळपीर तालुक्यातले आसेगाव हे पोलीस ठाण्याचे गाव. भोवतालची गावे नाना कामांनी इथे येतात, आणि जूनमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, वाफसा. वाशिम जिल्ह्यात खरिपाखाली सुमारे चार लाख हेक्टर जमीन असते आणि त्यातल्या तीन लाखांच्या आसपास हेक्टरांवर एकटे सोयाबीन. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तेवढा पाऊस झाला की काळी जमीन आधी चिखल होऊन फणाला चिकटते, मग दोन-चार दिवस ऐन वाफशावर असते, आणि ऊन पडले की वरून कडक होते. त्या दोन-चार दिवसांत सगळ्यांनाच पेरायचे असते. गावात ट्रॅक्टर ठरावीक, पेरणी यंत्रे त्याहून कमी, आणि हिशेब एकरावर. ज्याची मजुरी एकरावर ठरते तो वेगात चालणार, यात त्याचा दोष तो काय!

पेरणीच्या यंत्राचे स्वयंचलन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे विनाचालक ट्रॅक्टर उभा राहतो. त्याची चित्रफीत सुरेख दिसते, हे खरे. पण आसेगावसारख्या ठिकाणी पेरा बिघडतो तो ट्रॅक्टरच्या पुढच्या टोकाला नाही. तो मागे, पेटी आणि मातीच्या मधल्या हातभर अंतरात बिघडतो. पूर्वी तिथे एक हात होता. तो गेला, आणि त्याच्या जागी डोळस असे काही आजही नीट बसलेले नाही.

तो हात तिफणीच्या चाड्यावरचा. लाकडी चाडे, त्याला तीन भोके, भोकांतून खाली तीन पोकळ नळ्या आणि नळ्यांच्या टोकाशी फण. बैलांमागे चालणारा पेरणारा मुठीतले बी अंगठा आणि बोटांच्या मधून सोडत जाई. बी पातळ पडते की दाट, हे त्याच्या मनगटाला कळे. नळीत ढेकूळ अडकले तर चाड्याच्या त्या भोकापाशी दाणे साचत आणि बोटांना ते लगेच लागे. बैल थांबत, काडीने नळी मोकळी होई, तास पुन्हा सुरू. तुरीची ओळ घालायची तर तिफणीमागे दोरीने सरते बांधलेले असे आणि ते धरून बहुतेक घरची बाईच चाले. पेरणीला हात घालणे याला ‘चाड्यावर मूठ धरणे’ म्हणतात. मूठ हाच त्या यंत्रातला नेमका भाग होता, हे भाषेने बरोबर हेरले आहे.

हे अवजार साधे वाटते, पण इंग्लंडमध्ये जेथ्रो टलने आपले पेरणी यंत्र १७०१ च्या सुमारास बनवले, त्याआधी कितीतरी पिढ्या ते आपल्याकडे चालत होते. कॅप्टन थॉमस हॅलकॉट या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतातल्या अशाच अवजाराविषयी इंग्लंडच्या कृषी मंडळाला लिहून कळवले. ओळीत पेरण्याची कल्पना अलीकडची युरोपची, असेच त्याला तोवर वाटत होते. एकदा घोड्यावरून जाताना चालू पेरणी पाहिली, तेव्हा त्याचा हा समज गेला. इतिहासाचे अभ्यासक धरमपाल यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात ते टिपण पुन्हा छापले, म्हणून आज ते सहज वाचायला मिळते.

ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने चाडे काढून पेटी बसवली. पेटीच्या तळाशी खाचा असलेला रूळ. जमिनीवर फिरणारे एक चाक साखळीने त्या रुळाला फिरवते. रूळ फिरला की खाचेतले बी नळीत पडते. कल्पना चांगली, कारण ट्रॅक्टर हळू चालला तर बी हळू पडते आणि थांबला तर थांबते. गफलत होते ती ओल्या काळ्या मातीत. चाकाला चिखल चढतो, ते फिरण्याऐवजी घसरते, आणि जितके घसरले तितक्या तासात बीच नाही. दाता चोंदला तर रूळ बिचारा बी टाकतच राहतो आणि नळी वरपर्यंत भरत जाते. चालकाला मागचे काही दिसत नाही, इंजिनच्या आवाजात काही ऐकूही येत नाही. चूक कळते ती सहा-सात दिवसांनी, शेतात हिरव्या रेघा उमटतात तेव्हा. एक रेघ गायब असते, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. मग नांग्या भरायच्या, नाहीतर दुबार पेरायचे.

सोयाबीनच्या बियाचा स्वभाव याहून अवघड. त्याचे टरफल पातळ आणि अंकुर टरफलाच्या अगदी कडेला. मळणीच्या वेळी ड्रमचे फेरे जास्त झाले, पोती उंचावरून आपटली किंवा पेटीतल्या रुळाने दाणा चेपला, की वरून धडधाकट दिसणारे बी उगवतच नाही. २०२० च्या खरिपात बी उगवले नाही म्हणून महाराष्ट्रभरातून हजारो तक्रारी झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. बियाणे वाईट की पेरणी वाईट, हा वाद अशा वेळी सुटता सुटत नाही. पेरताना कुठल्या नळीतून किती पडले याची नोंदच कुठे नसते.

इथे थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दोन ओळींत ४५ आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर ही शिफारस धरली, तर एकरी सुमारे १ लाख ८० हजार झाडे हवीत. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल तर किलोत आठ हजारांच्या वर दाणे भरतात. एकरी ३० किलो पेरले म्हणजे अडीच लाख दाणे गेले. उगवण ७० टक्के धरली तर झाडे पावणेदोन लाख. म्हणजे ३० किलोचा रूढ आकडा बियाची उणीव आधीच पोटात घेऊन बसला आहे. पेरणी नीट झाली आणि बी ९० टक्के उगवणारे असले, तर तीच झाडे २४ किलोंत उभी राहतात. पण पेरणीत खंड पडणार, दाणे दडपणार, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे शेतकरी ३० चे ३५ करतो. मग एका ठिकाणी झाडांची गर्दी आणि दुसरीकडे टक्कल. दाट वाढलेले सोयाबीन उंच जाते, लोळते, खालच्या शेंगा भरत नाहीत. यंत्राच्या आंधळेपणाची भरपाई अशी पोत्यातून केली जाते.

यावरचे उपाय जगाला माहीत नाहीत असे मुळीच नाही. खाचांच्या रुळाऐवजी तिरपी तबकडी बसवली की तिच्या कडेच्या कप्प्यात एकेक दाणा बसतो आणि वर गेल्यावर नळीत सुटतो. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि कृषी विद्यापीठे अशा यंत्रांवर कित्येक वर्षे काम करत आहेत, आणि पंजाबपासून दक्षिणेपर्यंतचे कारखाने ती बनवतात. त्याहून पुढची पायरी हवेच्या ओढीची: पंखा पोकळी निर्माण करतो, दाणा तबकडीच्या भोकाला चिकटतो, आणि ओढ तुटली की खाली पडतो. इथे दाणा चेपण्याचा प्रश्नच येत नाही. तिसरी पायरी म्हणजे साखळी काढून टाकणे. प्रत्येक ओळीला स्वतःची छोटी विजेची मोटर, तिला वेग सांगणारा संवेदक, आणि नळीत प्रकाशाचा एक किरण. दाणा पडताना किरण क्षणभर तुटतो, मोजणी होते. सेकंदभर किरण तुटलाच नाही तर चालकाजवळ घंटी वाजते. चाड्यावरच्या बोटांना जे आपोआप कळत होते, ते शंभर वर्षांच्या प्रगतीनंतर पुन्हा कळू लागते. हा टोमणा वाटेल, पण यंत्राच्या बाजूने एवढे मान्य करायला हवे की सेकंदाला दीडशे दाणे कुणाच्याही बोटांना मोजता आले नसते.

जॉन डीअर या अमेरिकन कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवलेली यंत्रणा याच वाटेवर आणखी पुढे जाते. दाणा मातीत पडताक्षणी त्याची जागा टिपायची आणि खताचा थेंब नेमका त्याच दाण्यावर सोडायचा. अख्ख्या तासात खताची धार धरायची गरज उरत नाही. याच कंपनीने त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२२ मध्ये, माणूस नसलेला मोठा ट्रॅक्टर दाखवला होता. त्याच्यामागे जोडलेले अवजार पेरणीचे नव्हते, मशागतीचे होते. यात बरेच काही आले. नांगरट थोडी वाकडी गेली तर जमीन माफ करते. पेरणीत मात्र मागे काय चालले आहे हे आधी दिसावे लागते, तेव्हाच पुढचे आसन रिकामे ठेवता येते.

इंग्लंडच्या हार्पर अॅडम्स विद्यापीठाने हा प्रयोग २०१७ मध्ये करून पाहिला. एका हेक्टरात बार्ली पेरली, फवारली आणि कापली; संपूर्ण हंगामात शेतात माणसाने पाऊल टाकले नाही. उत्पन्न साडेचार टनांच्या आसपास आले. आपल्याकडे महिंद्रने चेन्नईजवळच्या आपल्या संशोधन केंद्रात सप्टेंबर २०१७ मध्ये विनाचालक ट्रॅक्टर दाखवला. आणि वऱ्हाडातच, अकोला जिल्ह्यात, अलीकडे उपग्रहाच्या इशाऱ्यावर स्वतः वळणाऱ्या ट्रॅक्टरने सोयाबीन पेरल्याच्या बातम्या आल्या, चित्रफिती गावोगाव फिरल्या. मोबाइलमधले जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होते; शेतात बसवलेल्या किंवा जवळच्या संदर्भ केंद्राकडून दुरुस्ती मिळाली की हीच चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा केंद्रांचे जाळे महाराष्ट्रातही उभे केले आहे. ट्रॅक्टरवर बसवायच्या साधनांना मात्र काही लाख रुपये पडतात.

सरळ तासाचे फायदे नाकारण्यासारखे नाहीत. तास सरळ असेल तर डवरणी वेगात होते, पात झाडाला लागत नाही, ओळीवर ओळ चढून बी वाया जात नाही. डेन्मार्कचा सौरऊर्जेवरचा एक यंत्रमानव तर पेरताना प्रत्येक बियाची जागा लक्षात ठेवतो, आणि उगवण्याआधीच भोवतीचे तण काढायला लागतो, कारण पीक कुठे उगवणार हे त्याला ठाऊक असते. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. त्यातही वाटण्या होऊन पट्ट्या लांब आणि चिंचोळ्या. अशा वावरात ट्रॅक्टर सरळ चालतो थोडा आणि धुऱ्यावर वळतो फार. मधे बाभूळ, विहीर, विजेचा खांब, शेजाऱ्याशी जुना वाद असलेली हद्द. त्या हद्दीवरून ट्रॅक्टर कुठपर्यंत न्यायचा, हे उपग्रहापेक्षा चालकाला चांगले कळते.

वऱ्हाडात ज्या यंत्राने खरोखर फरक पडला, ते दिसायला या सगळ्यापुढे फारच साधे आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची रचना बसवली. दीड मीटरच्या पट्ट्यात सुमारे एक मीटरचा गादीसारखा वरंबा आणि उरलेली सरी. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल वरंब्यावरच्या झाडांना मिळते. ही रचना पाडत पेरणाऱ्या यंत्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून शेतकरी बीबीएफ म्हणतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने त्याचा नेटाने प्रसार केला. वाशिमसह विदर्भ-मराठवाड्यात २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही या यंत्राला जागा मिळाली. बियाणे २० ते २५ टक्के वाचते, असे कृषी विभाग सांगतो. ज्यांना हे यंत्र मिळत नाही ते पट्टापेर करतात: पेरताना मधली एखादी ओळ रिकामी ठेवायची आणि डवरणीच्या वेळी डवऱ्याला दोर गुंडाळून तिथे सरी पाडायची. दोराचा हा तुकडा कुठल्याही अनुदानाच्या यादीत नाही.

मग सगळेच बीबीएफने का पेरत नाहीत? विचारले तर उत्तरे रोकडी मिळतात. यंत्र जड, त्याला ताकदीचा ट्रॅक्टर लागतो, एकरी वेळ जास्त जातो. वाफशाच्या दोन-चार दिवसांत ट्रॅक्टरवाल्याला तो वेळ परवडत नाही. शिवाय फणांमधले अंतर, तबकडी, खोलीचे चाक, सगळे बियाप्रमाणे जुळवावे लागते. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून अवजारांवर ४० ते ५० टक्के अनुदान मिळते, महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज होतात, यंत्र घरी येते. ते जुळवून देणारा कारागीर सोबत येत नाही. एकाच तबकडीने दोन वाणांचे लहान-मोठे बी पेरले, की सगळी नेमकेपणाची गोष्ट तिथेच संपते.

नेमकेपणा यंत्रानेच येतो, असेही नाही. २००२ नंतर बीटी कापूस आला, बियाणे पाकिटात मिळू लागले. २०२५ च्या हंगामात ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. एवढे महाग बी कुणी नळीतून सोडत नाही. बाया ओळीने चालतात आणि एका जागी एक किंवा दोन सरक्या टोबतात, ठरल्या अंतरावर, ठरल्या खोलीवर. कुठल्याही हवेच्या तबकडीला हेवा वाटावा असे हे काम, पण सरकारी कागदावर त्याचे नाव अकुशल मजुरी. सोयाबीनमध्येही आता हाताने ढकलायचे टोकण यंत्र आले आहे. चाकाच्या परिघावर चोची, चोच मातीत घुसली की दाणा सुटतो. टोकणीने एकरी बी निम्म्यावर आल्याचे अनेक जण सांगतात. ते चाक ढकलायला अंगात रग लागते, आणि चार-पाच एकरांच्या पुढे कुणाचा धीर टिकत नाही. तरी गंमत अशी, की चोंदलेली चोच ढकलणाऱ्याला पुढच्या पावलाला दिसते.

ट्रॅक्टर आला तेव्हा सरते धरणारी बाई पेरणीतून बाहेर गेली. तिची तूर दुसऱ्या पेटीतून पडू लागली. टोकणीने काही बाया परत वावरात आल्या, रोजाने. हे चांगले की वाईट हे रोज किती मिळतो यावर ठरेल, आणि त्याची चर्चा यांत्रिकीकरणाच्या मेळाव्यांत सहसा होत नाही.

पेरणीत आणखी एक गोष्ट आपोआप व्हावी असे अनेकांना वाटते: कधी पेरायचे हा निर्णय. २०१६ मध्ये आंध्रच्या कर्नूल जिल्ह्यात इक्रिसॅट आणि मायक्रोसॉफ्टने १७५ भुईमूग शेतकऱ्यांना पेरणीची तारीख मोबाइलवर संदेशाने कळवली. थांबलेल्यांचे उत्पन्न सरासरी ३० टक्के वाढल्याचे त्यांनी जाहीर केले. महाराष्ट्रात महावेध प्रकल्पातून महसूल मंडळाच्या पातळीवर दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत, आणि जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचे धोरण मंजूर केले. वऱ्हाडात मात्र अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत अजून तितक्याच उत्सुकतेने वाचले जाते. त्यात हसण्यासारखे काही नाही. मंडळाच्या केंद्रावर ८० मिलिमीटर नोंदला गेला तरी दोन कोसांवरच्या वावरात निम्माच पडलेला असू शकतो. तिथला माणूस शेवटी मातीचा गोळा मुठीत दाबून बघतो आणि मग ट्रॅक्टरवाल्याला फोन लावतो.

खर्चाचा प्रश्न यातून सुटत नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांत ते त्याहून बरेच खाली विकले गेले. अशा भावात काही लाखांचे सुकाणू बसवायला कुणाला सांगावे? नळीतल्या किरणाची घंटी त्या मानाने फारच स्वस्त पडावी. जुन्या यंत्राला ती जोडता येते, पेटी बदलावी लागत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या अवजार बँकांनी भाड्याच्या यंत्रांना आधी हीच बसवली, तर नळी चोंदल्याचे सहा दिवसांनी नाही, सहा पावलांत कळेल. विनाचालक ट्रॅक्टरइतका तिचा फोटो चांगला येणार नाही, आणि बहुधा म्हणूनच ती कुणाच्या मागणीत नाही.

तोवर एक जुनी युक्ती हाताशी आहे, आणि तिला वीजही लागत नाही. सात दात्यांचे, ४५ सेंटिमीटरचे यंत्र सव्वातीन मीटरपेक्षा किंचित कमी रुंदीने पेरते. एक एकर पेरायला ते सुमारे १,२८५ मीटर चालते. त्याच्या चाकाचा घेर दीड मीटर असेल तर एकराच्या विसाव्या भागाला चाकाचे ४३ फेरे होतात. पेरणीच्या आदल्या दिवशी यंत्र अंगणात उचलून धरायचे, पेटीत बी घालायचे, सातही नळ्यांखाली सात पिशव्या बांधायच्या आणि चाक हाताने ४३ वेळा फिरवायचे. एकरी ३० किलोचा बेत असेल तर सगळ्या पिशव्या मिळून दीड किलो भराव्यात, प्रत्येकी दोनशे ग्रॅमच्या थोडे वर. मग घरातला तराजू आणायचा. जी पिशवी हलकी भरते, तिच्या नळीत काडी घालून बघायची.